स्टाइफचा टेडी : शिवणकामवालीच्या नजरेतून

माझा नारायण पेठेत शिवणक्लास आहे. कुठलीही शिवलेली वस्तू हातात आली की मी आधी तिची शिवण बघते. पुतणी श्टुटगार्टहून येताना स्टाइफ कंपनीचा टेडी घेऊन आली, त्याचीही तशीच तपासणी केली.

कापड मोहेरचं, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांचं. लव असलेलं कापड शिवताना केस टिपेत अडकतात आणि शिवणीची रेघ उठून दिसते. इथे अडकलेले केस सुईने बाहेर काढलेत. शिवण डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं तरच लागते. शेवटची शिवण हाताने घातलेली आहे, कारण भरण ठासून भरल्यावर ती मशीनखाली जातच नाही. नाकाचे टाके एकाला एक लागून, सगळ्यांचा ताण सारखा. मुलींना हा सारखेपणा शिकवताना माझा घसा बसतो. मान, हात, पाय फिरतात आणि फिरवले तसेच राहतात.

आत लाकडाचा बारीक कीस आहे, त्यामुळे अंग टणक लागतं आणि दाबलं की किंचित करकरतं. हा धुवायचा नाही, वरवर पुसायचा.

हे सगळं जिच्यापासून सुरू झालं ती मार्गारेटे स्टाइफ १८४७ साली दक्षिण जर्मनीतल्या गिंगेन गावात जन्मली. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. दोन्ही पाय लुळे पडले, उजवा हातही अधू झाला. भावंडं तिला गाडीत बसवून शाळेत न्यायची. पुढे शिवणयंत्र घेतलं, तर त्याचं चाक उजव्या हाताला! तिने यंत्रच उलटं फिरवून ठेवलं आणि डाव्या हाताने चाक चालवलं. चाकावरचा हात थकला की काय होतं हे मला ठाऊक आहे, म्हणून या बाईबद्दल मला फार आदर वाटतो.

१८७७ मध्ये तिने फेल्टच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या कापडाच्या, कपड्यांचं दुकान काढलं. मग फेल्टचा एक छोटा हत्ती शिवला, टाचण्या टोचून ठेवायला. माझ्या क्लासमध्येही मुली आधी टाचण्यांची उशीच शिवतात. हत्ती मुलांनी खेळायला पळवले आणि धंदा खेळण्यांकडे वळला. अस्वल तिच्या पुतण्याचं, रिचर्डचं. त्याने ते १९०२ मध्ये तयार केलं. पुढच्या वर्षी लाइप्झिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने ३,००० नग मागवले. १९०७ मध्ये एका वर्षात ९,७४,००० अस्वलं शिवली गेली. दोन वर्षांनी मार्गारेटे वारली. नकला होऊ लागल्या म्हणून १९०४ पासून डाव्या कानात धातूचं बटण आलं, ते आजही असतं.

घ्यावा का? किंमत मोठी आहे, तेवढ्यात साधं शिवणयंत्र येईल. तान्ह्या मुलाला मऊ, धुता येणारं खेळणं हवं असेल तर तुळशीबागेत जा. पण शिवणकाम शिकणाऱ्या कुणाला हा मिळाला, तर कपाटात बंद करू नका, पाठीवरची शिवण भिंगातून बघा. कानातल्या बटणाखालची कापडी पट्टी मात्र कापू नका, बटणासारखी तीही खरेपणाची खूण आहे.