बर्डीवर घेतलेला '4के' मॉनिटर आणि माझे 24,850 रुपये

गेल्या ऑगस्टमध्ये नागपुरातल्या सीताबर्डीवरील एका दुकानातून मी लॅपटॉपला जोडण्यासाठी 27 इंची मॉनिटर घेतला. 4के म्हणून विकलेला हा मॉनिटर प्रत्यक्षात साधा फुल एचडी, म्हणजे 4के च्या एक चतुर्थांश ठिपक्यांचा, निघाला. हिशेब आधीच मांडते. मॉनिटरचे 18,500 रुपये, '4के केबल' म्हणून गळ्यात मारलेल्या वायरचे 1,450, वाढीव वॉरंटीच्या कार्डाचे 1,200 आणि घरी येऊन जोडून देण्याचे 500, असे दुकानदाराला 21,650 रुपये दिले. या मॉनिटरमुळे छपाईत राहिलेल्या चुकीपायी एक 16 पानी फर्मा (एकाच मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पाने) पुन्हा छापून द्यावा लागला, त्याचे 3,200 रुपये वेगळे. एकूण 24,850 रुपये गेले आणि त्यांतला एक रुपयाही आजवर परत आलेला नाही.

मी गेली 14 वर्षे अक्षरजुळणीचे काम करते. नागपुरात दसरा जवळ आला की आमच्या क्षेत्रात श्वास घ्यायला फुरसत नसते, कारण दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि लहान-मोठ्या प्रकाशकांना सगळी पुस्तके त्याच दिवसांत हवी असतात. माझ्या लॅपटॉपचा पडदा 15.6 इंची, 1920×1080 रिझोल्यूशनचा (फुल एचडी) आहे, म्हणजे त्यावर आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके, अर्थात पिक्सेल, आहेत. त्यावर दोन पाने शेजारी शेजारी ठेवली की 10 पॉइंटचा मजकूर वाचता येत नाही, म्हणून मोठा आणि बारीक अक्षर स्वच्छ दाखवणारा पडदा हवा होता. मी काही न वाचता दुकानात शिरले नव्हते. तेच 1920×1080 रिझोल्यूशन 27 इंचांवर पसरले की इंचाला जेमतेम 82 पिक्सेल उरतात, म्हणजे माझ्या लॅपटॉपच्या 141 पेक्षाही कितीतरी भरड चित्र दिसते. 2560×1440 घेतल्यास इंचाला सुमारे 109 आणि 3840×2160, म्हणजे 4के, घेतल्यास सुमारे 163 पिक्सेल मिळतात, हे सगळे मला ठाऊक होते. म्हणूनच मी 4के मागितला. ठाऊक नव्हते ते एवढेच की पडदा स्वतः 4के असणे आणि पडद्याने 4के सिग्नल स्वीकारणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. या मॉनिटरच्या पेटीवर मोठ्या अक्षरांत '4के सपोर्ट' असे छापलेले होते. 'सपोर्ट' हा शब्द दिसला की तिथेच थांबा आणि पॅनेलचे, म्हणजे खुद्द पडद्याचे, मूळ रिझोल्यूशन किती, असे स्पष्ट विचारा.

मी लॅपटॉप सोबत नेला होता. दुकानातल्या मुलाने तो मॉनिटरला जोडला आणि डिस्प्लेची सेटिंग उघडली. रिझोल्यूशनच्या यादीत 1920×1080 या आकड्यापुढे 'रेकमेंडेड' असे लिहिलेले होते. मी ते वाचले, माझ्या डोळ्यांनी वाचले. त्याच क्षणी त्याने यादी वर सरकवून 3840×2160 निवडले, खालचे स्केलिंग (अक्षरे किती मोठी दाखवायची ते) 150 टक्क्यांवर नेले आणि म्हणाला, "हे पहा ताई, आलं ना 4के? तुमचा लॅपटॉपच सांगून राहिला." पडद्यावर खरोखरच 3840×2160 हा आकडा होता. मी मान डोलावली.

तो अर्धा मिनिट मी आजवर शेकडो वेळा आठवला आहे. मॉनिटर जोडला की तो स्वतःची ओळख लॅपटॉपला कळवतो आणि लॅपटॉप त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवून यादी दाखवतो. मूळचा 1080 चा पडदा '3840×2160 चा सिग्नलही मी घेतो' असे कळवू शकतो, तो सिग्नल घेतो आणि आतल्या आत चार पिक्सेलांचा एक करून दाखवतो. त्यामुळे सेटिंगमध्ये दिसणारा आकडा हा पडद्याचा पुरावा नव्हे. माझ्या बाबतीत तर त्या मॉनिटरने आपले खरे रिझोल्यूशन 'रेकमेंडेड' म्हणून प्रामाणिकपणे सांगितले होते. खोटे त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस बोलला आणि मी माणसाचे ऐकले. 150 टक्के स्केलिंगही त्याने विचारपूर्वकच केले असणार, कारण अक्षरे मोठी झाली की त्यांच्या कडांचा फिस्कटलेपणा चटकन जाणवत नाही. दुकानात मॉनिटर पाहताना स्केलिंग 100 टक्क्यांवर ठेवा, आपल्याच कामातले एखादे पान उघडा आणि दुकानदाराचा हात माउसला लागू देऊ नका.

मला अंधुकपणा अजिबात जाणवला नव्हता असे नाही. माउसचा बाणही अडखळत होता. मी तसे म्हटले, तेव्हा त्याने माझ्या लॅपटॉपचे एचडीएमआय पोर्ट (मॉनिटरची केबल लावायची जागा) जुने असल्याचे सांगितले. ते खरेच होते. एचडीएमआय 1.4 वरून 4के चित्र सेकंदाला 30 वेळाच बदलते, 60 साठी किमान 2.0 लागते. एक खरी गोष्ट सांगून त्याने आपल्या खोट्या मालाचा दोष माझ्या लॅपटॉपवर ढकलला आणि वर 1,450 रुपयांची केबलही विकली. पोर्ट जुने असेल तर महाग केबल त्याला नवे करू शकत नाही. माझ्यासारख्या पोर्टवर 2560×1440 हे रिझोल्यूशन 60 हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला 60 वेळा, चालू शकले असते आणि 27 इंचांवर माझ्या कामाला ते पुरेसेही झाले असते. खऱ्या दुकानदाराने मला हेच सांगितले असते.

पैशांच्या बाबतीत मला जे ऐकून घ्यावे लागले, त्याबद्दल इथे स्पष्ट लिहिते. त्याने 10,000 रुपये यूपीआयने आणि 11,650 रोख मागितले. पक्के बिल घेतले तर 18 टक्के वर द्यावे लागतील, असे सांगून '27 इंच एलईडी, 1 नग' एवढेच लिहिलेली चिठ्ठी दिली, जिच्यावर ना मॉडेल होते ना रिझोल्यूशन. मी ती घेतली. बाजारात अशी चिठ्ठी कधीच घेतली नाही असे सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे, आणि 21,650 वर आणखी 18 टक्के देण्याची माझी ऐपत नव्हती. पेटीवरची कमाल किरकोळ किंमत सर्व करांसहच असते, त्यामुळे कर वेगळा मागणे हीच पहिली लबाडी होती, हे मला त्या घाईत सुचले नाही. यूपीआयचे पैसेही दुकानाच्या नावाऐवजी कुणा व्यक्तीच्या नावावर गेले. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर येणारे नाव वाचत जा.

खरा प्रकार उघड झाला तो एका अनुस्वारामुळे. 48 पानी पुस्तिकेचे अंतिम प्रूफ मी या मॉनिटरवर तपासले होते. छापून आल्यावर प्रकाशकांनी बोट ठेवले: 'संघ' या शब्दावरचा अनुस्वार दोन ठिकाणी नव्हता. पडद्यावर शिरोरेघ आणि तिच्यावरचा ठिपका एकमेकांत मिसळून एकच करडा पट्टा दिसत होता, त्यामुळे ठिपका आहे की नाही हे कळतच नव्हते. 14 वर्षांत माझ्या हातून अशी चूक गेली नव्हती. त्या रात्री छपाईचे ठिपके तपासण्याचे दहापट भिंग मी पडद्यावर ठेवले आणि शेजारी पोलादी पट्टी धरली. लाल, हिरव्या, निळ्या रेघांचे गट स्वच्छ दिसत होते; असा एक गट म्हणजे एक पिक्सेल. एका सेंटिमीटरमध्ये मी ते मोजले, पुन्हा मोजले, मुलीकडूनही मोजून घेतले. प्रत्येक वेळी 32 भरले. 27 इंची पडदा खरा 4के असेल तर तिथे 64 भरायला हवेत. त्यानंतर 3840×2160 मापाचे, एका पिक्सेलची काळी आणि एका पिक्सेलची पांढरी रेघ आलटून पालटून असलेले चित्र करून ते 100 टक्क्यांवर उघडले. खऱ्या 4के पडद्यावर भिंगातून प्रत्येक रेघ सुटी दिसते. माझ्या पडद्यावर सगळीकडे एकसारखा करडा रंग होता.

दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, "पेटीवर सपोर्ट लिहिलं आहे, पॅनेल 4के आहे असं कुठं लिहिलं जी?" वॉरंटी कार्डावरचा क्रमांक लागत नव्हता आणि आजही लागत नाही.

मग मी पोलीस ठाण्यात गेले, एकदा नव्हे, तीनदा. पहिल्यांदा बिल नाही म्हणून परत पाठवले. दुसऱ्यांदा मला विचारण्यात आले की दुकानाने मॉनिटर दिला, तो चालतोही, मग फसवणूक कसली. ही दिवाणी बाब आहे, असेही सुनावले गेले. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवणुकीची व्याख्या दिलेली आहे आणि खोटे सांगून पैसे द्यायला लावणे तिच्यात बसते, हे मी कागद पुढे ठेवून सांगितले, तर "मॅडम, कायदा आम्हाला नका शिकवू" असे उत्तर मिळाले. तिसऱ्यांदा यूपीआयचा उल्लेख करताच सायबर पोलिसांकडे बोट दाखवले गेले. तिथे सांगितले गेले की तुम्ही स्वतः दुकानात जाऊन पैसे दिले, म्हणून हा ऑनलाइन गुन्हा होत नाही. एका सरकारी कार्यालयात माझा अर्ज वाचण्याआधीच तो दुसऱ्या मजल्यावर नेण्यास सांगितले, दुसऱ्या मजल्यावरून पुन्हा तळमजल्यावर पाठवले, आणि आवक-जावक टेबलावरच्या व्यक्तीने पोच देण्यास नकार देऊन "ठेवून जा, साहेब पाहतील" म्हटले. करचुकवेगिरीची तक्रार घेऊन गेलेल्या ठिकाणी तर प्रश्न असा आला की बिलाशिवाय माल तुम्हीच घेतला ना? हो, मी घेतला, आणि ते मी अर्जात स्वतःहून लिहिलेही होते. पण बिल न देणे हा विक्रेत्याचा दोष आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) मध्ये बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नमूद केलेली आहे, आणि तरीही प्रत्येक टेबलावर मलाच आरोपी असल्यासारखे उभे केले गेले. कामाच्या ऐन दिवसांत सात फेऱ्या झाल्या आणि त्यांतून हाती आला तो एकच शिक्का मारलेला कागद. अर्जाची दुसरी प्रत सोबत न्या आणि तिच्यावर तारीख, सही, शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

शेवटी ग्राहक आयोगाकडे मी स्वतःच तक्रार तयार केली. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि फसवणूक घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. गरज वाटल्यास वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा अधिकार आयोगाला आहे, म्हणून मॉनिटर मी पेटीसह तसाच ठेवला आहे; रागाच्या भरात तो विकून टाकू नका किंवा खोलू नका. मी दुकानदाराला पाठवलेली नोंदणीकृत टपालाची नोटीस 'घेण्यास नकार' या शेऱ्यासह परत आली, ते पाकीट न उघडता तक्रारीला जोडले आहे. यूपीआयची नोंद, ती चिठ्ठी, पेटीची चारही बाजूंची छायाचित्रे आणि पोलादी पट्टीशेजारी भिंगातून घेतलेले 32 गटांचे छायाचित्रही जोडले आहे.

ज्यांनी नागपुरात अलीकडे '4के सपोर्ट' लिहिलेला स्वस्त 27 इंची मॉनिटर घेतला असेल, त्यांनी आज रात्रीच भिंग आणि पट्टी लावून एका सेंटिमीटरमधले गट मोजावेत. 32 भरले, तर चिठ्ठी आणि पेटी जपून ठेवावी. सारख्याच फसवणुकीत सापडलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते.