‘प्रायोगिक मापनतंत्रे’: पदव्युत्तर प्रयोगशाळेतील एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गासाठी असलेला ‘प्रायोगिक मापनतंत्रे’ हा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. तो निवडण्याच्या विचारात असलेल्यांना माझे मत आधीच सांगते: अभ्यासक्रम अवश्य घ्यावा, मात्र त्याची गुणदानाची पद्धत त्याच्याच शिकवणुकीला छेद देते, हे जाणून घ्यावा.

सुरुवातीची व्हर्नियर, स्क्रू गेज आणि स्पेक्ट्रोमीटरची प्रात्यक्षिके ओळखीची आहेत. तरीही येथे लघुतम माप (उपकरणावर वाचता येणारे सर्वांत लहान माप) म्हणजेच अनिश्चितता, असे मानून कोणाला पुढे जाऊ देत नाहीत. ०.०१ मिलिमीटर लघुतम मापाच्या उपकरणात त्या मर्यादेतील सर्व किमती सारख्याच संभाव्य मानल्या, तर प्रमाण अनिश्चितता ०.०१ भागिले १२चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.००३ मिलिमीटर येते, हे प्रत्येकाकडून काढून घेतले जाते.

अभ्यासक्रमाचे मोल खऱ्या अर्थाने कळते ते फोर प्रोब पद्धतीपाशी. तांब्याच्या जाड, आखूड तारेचा रोध जेमतेम काही मिलिओहम असतो. जोडतारांचा आणि स्पर्शबिंदूंचा रोध त्याहून कितीतरी पट भरतो, त्यामुळे साध्या मल्टिमीटरवरचा आकडा तारेविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. म्हणून बाहेरच्या दोन टोकांतून विद्युतधारा सोडायची आणि आतल्या दोन टोकांमधील विभवांतर मोजायचे. व्होल्टमीटरमधून नगण्य धारा वाहत असल्याने जोडण्यांचा रोध हिशेबातून गळून पडतो. एवढ्यावर न थांबता मार्गदर्शक धारेची दिशा उलटवून पुन्हा रीडिंग घ्यायला लावतात, तेव्हा दोन्ही किमती जुळत नाहीत. भिन्न धातूंच्या सांध्यांवरील तापमानाच्या फरकामुळे निर्माण होणारा सूक्ष्म विद्युतदाब धारेबरोबर चिन्ह बदलत नाही, त्यामुळे दोन्ही रीडिंगांतील फरकाची निम्मी किंमत घेतली की तो वजा होतो. मापन शिकवावे ते असे.

लॉक-इन अॅम्प्लिफायरवरची (ठरावीक संदर्भ वारंवारतेचा क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा काढणाऱ्या उपकरणावरची) सत्रेही तितकीच मोलाची आहेत. वीजपुरवठ्याची वारंवारता आणि तिच्या पटी टाळून संदर्भ वारंवारता कशी निवडावी, आणि यादृच्छिक गोंगाट निम्मा करायचा तर चौपट वेळ का मोजावा लागतो, हे तेथे पडद्यावर दिसते.

माझी तक्रार गुणदानाविषयी आहे. रोधकातील औष्णिक गोंगाट (उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांच्या अनियमित हालचालीतून निर्माण होणारा विद्युतदाब) मोजून बोल्ट्झमनचा स्थिरांक, म्हणजे तापमान आणि ऊर्जा यांना जोडणारा स्थिरांक, काढण्याचा सुंदर प्रयोग येथे आहे. १० किलोओहमच्या रोधकावर, खोलीच्या तापमानाला, १० किलोहर्ट्झच्या वारंवारता-पट्ट्यात (बँडविड्थमध्ये) हा गोंगाट सुमारे १.३ मायक्रोव्होल्ट असतो. म्हणजे अॅम्प्लिफायरचा स्वतःचा गोंगाट वेगळा मोजून त्याचा वर्ग वजा केल्याशिवाय उत्तराला अर्थ उरत नाही. परंतु जर्नल (प्रयोगवही) तपासताना गुण मिळतात ते पुस्तकी किमतीच्या जवळ गेल्याबद्दल. २०१९ पासून हा स्थिरांक व्याख्येनेच १.३८०६४९ × १०⁻²³ जूल प्रति केल्व्हिन ठरलेला आहे. त्यामुळे या प्रयोगात खरी परीक्षा होते ती अॅम्प्लिफायरच्या गुणकाची, बँडविड्थची आणि तापमापकाची. त्यांची अनिश्चितता प्रामाणिकपणे मांडणाऱ्या विद्यार्थ्याला, उत्तर पाच टक्क्यांनी दूर असले तरी, पूर्ण गुण मिळायला हवेत.

निर्वात तंत्राचा भाग मात्र केवळ दाखवण्यापुरता आहे. पंपाला विद्यार्थ्यांचा हात लागत नाही. त्यासाठी कोणी प्रवेश घेणार असेल तर दुसरा अभ्यासक्रम पाहावा. विद्युत मापनासाठी येत असाल, तर प्रमाण विचलन आणि लघुतम वर्ग पद्धत आधी पक्की करून या, म्हणजे सत्रातला वेळ उपकरणापाशी घालवता येईल.