करारात काय लिहून द्यावं : 'वाजवी कौशल्य' की 'हेतूला योग्य'?

डिझाइनचं काम स्वतःच्या नावावर घेणाऱ्या इंजिनिअरसमोर करारात साधारण दोनपैकी एक वाक्य येतं. 'वाजवी कौशल्य आणि काळजीनं डिझाइन करीन' किंवा 'बांधकाम ठरलेल्या हेतूला योग्य ठरेल'. फी तीच, नकाशे तेच. जोखीम मात्र अजिबात तीच नाही.

पहिल्या वाक्यात तुमची पद्धत तपासली जाते. १९५७ चा बोलम खटला खरा तर वैद्यकीय उपचारांचा, पण इंग्लिश कायद्यात इंजिनिअरलाही तोच निकष लागतो : त्या व्यवसायातला सर्वसाधारण जाणकार जेवढी काळजी घेतो, तेवढी घेतली का? स्लॅबला तडा गेला एवढ्यावर हयगय ठरत नाही. भार कमी धरला की माती नीट तपासली नाही, हे दावा करणाऱ्यानं दाखवायचं असतं.

दुसऱ्या वाक्यात ही ढाल गळून पडते. इंग्लंडमधला १९७५ चा ग्रीव्हज खटला पाहा. गोदामाच्या मजल्यावर तेलाची पिंपं वाहणारे फोर्कलिफ्ट फिरणार, हे इंजिनिअरना सांगितलेलं होतं. ते फिरू लागले आणि कंपनांनी मजला तडकला. 'हेतूला योग्य' असं लिहून दिलेलं नव्हतं, तरी परिस्थितीवरून तशी हमी दिलीच होती असं कोर्टानं मानलं. अशी हमी एरवी सल्लागारावर सहसा लादली जात नाही. म्हणूनच ती आपल्या हातानं लिहून देणं मला उतावीळपणाचं वाटतं. त्यात बहुतेक व्यावसायिक दायित्व विमे हयगयीपुरते असतात. हयगय नसतानाही हमीमुळे येणारा बोजा बऱ्याचदा थेट खिशावर येतो.

वाक्य कोणतंही निवडा, अपकृत्याचा कायदा, म्हणजे टॉर्ट, सुटत नाही; करार नसतानाही दुसऱ्याचं नुकसान केल्याची भरपाई त्यात मागता येते. डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन (१९३२) या ब्रिटिश खटल्यानंतर ज्याच्याशी करारच नाही अशा माणसाप्रतीही काळजीचं कर्तव्य असू शकतं. करारात घातलेली भरपाईची कमाल मर्यादा ग्राहकापुरती चालते. खाली उभ्या असलेल्या वाटसरूनं तुमच्या करारावर सही केलेली नसते.

दावा लावायच्या मुदतीचं गणितही वेगळं. करारात ती कराराचा भंग झाल्यापासून मोजतात, टॉर्टमध्ये नुकसान झाल्यापासून. इंग्लंडमधल्या पिरेली खटल्यात कारखान्याच्या चिमणीला १९७० मध्येच तडे गेले होते, मालकाला ते १९७७ मध्ये दिसले, दावा १९७८ मध्ये आला; सहा वर्षांची मुदत केव्हाच संपली होती. पुढे १९८६ च्या कायद्यानं तिथे, दोष कळल्यापासून तीन वर्षं, पण एकूण पंधराच्या आत, अशी वाट दिली.

डिझाइनसकट बांधकामही तुमचंच असेल, किंमतीत जोखीम धरलेली असेल आणि विमा कंपनीनं लेखी होकार दिला असेल, तर दुसरं वाक्य घ्यायला हरकत नाही. तेव्हा 'हेतू' शब्दांत सोडू नका : चाकावरचा कमाल भार, वाहनांचा वेग, एका वेळी किती फिरणार, हे आकडे जोडपत्रात घाला.