सात महिने, तीन वाचनं: अगाथा ख्रिस्तीचं 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स'

जूनमध्ये हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवर ८० रुपयांना घेतलं. पहिल्या पावसात अर्धं भिजलं, त्यामुळे आता पुस्तक कमी आणि फुगलेला पापड जास्त वाटतं. पण डोंबिवली फास्टच्या लेडीज डब्यात एका हाताने वरची कडी आणि दुसऱ्या हातात पुस्तक, असं घाटकोपरपर्यंत उभं राहून वाचायला पातळ पुस्तकच लागतं, जाडजूड थ्रिलर तिथे कामाचे नाहीत.

आणि एक गंमत. आधीच्या मालकाने पेन्सिलने समासात एका नावापुढे लिहून ठेवलेलं, 'हाच खुनी'. मी तिथेच कपाळाला हात लावला, म्हटलं गेले पैसे पाण्यात. तर पुढे वीसेक पानांवर ते खोडून दुसरं नाव, मग तिसरं, आणि अर्ध्यानंतर पेन्सिल गायबच. बिचाऱ्याने हात टेकले असणार.

गोष्ट पहिल्या महायुद्धातली. हेस्टिंग्ज आघाडीवरून जखमी होऊन परत आलाय, मित्राच्या बंगल्यावर आराम करायला जातो आणि तिथे मित्राची श्रीमंत सावत्र आई रात्री विषबाधेने मरते, खोलीची दारं आतून बंद. तिने नुकतंच तिच्याहून वीसेक वर्षांनी लहान, काळ्या दाढीवाल्या माणसाशी लग्न केलेलं, म्हणजे घरातल्या प्रत्येकाचा संशय कुणावर ते सांगायलाच नको. त्याच गावात बेल्जियमहून आलेले निर्वासित राहतायत आणि त्यांच्यात हर्क्युल पॉयरो, रिटायर्ड पोलीस अधिकारी. ख्रिस्ती तेव्हा इंग्लंडमधल्या टॉर्की गावच्या हॉस्पिटलात औषधं बनवून देण्याच्या कामावर होती, गावात बेल्जियन निर्वासित आलेलेच होते, तिथून तिला हा माणूस सुचला. १९२० साली आलेलं हे तिचं पहिलंच पुस्तक, ते वाचताना पटत नाही.

आता जोडी. पॉयरो पाच फूट चार इंच, डोकं अंड्यासारखं, मिशी कडक, आणि टापटीप इतकी की कुणाच्या घरी गेला तरी फायरप्लेसवरच्या वस्तू सरळ करत बसेल (माझी सासू आठवते). हेस्टिंग्ज उंच, दिलदार, आणि स्वतःला मोठा डिटेक्टिव्ह समजणारा माठ. याच गडबडीत एका मुलीला लग्नाची मागणी घालतो, ती खो खो हसते. पहिल्या वाचनात मला त्याचा इतका राग यायचा ना, की अरे गाढवा, समोर कॉफीचा कप चुरा होऊन पडलाय, जुलैच्या उकाड्यात शेगडीत जळलेल्या मृत्युपत्राचा तुकडा सापडलाय, आणि तू पॉयरोला म्हातारचळ लागला का याचा विचार करतोयस?

दुसरं वाचन दिवाळीच्या सुट्टीत झालं, खुनी माहीत असताना, आणि खरं सांगते, ते पहिल्यापेक्षा भारी. कारण तेव्हा कळलं की ख्रिस्तीबाईने काही म्हणजे काही लपवलेलं नाही. घराचा नकाशा छापलाय, खोलीचा छापलाय, प्रत्येक वस्तू हेस्टिंग्ज प्रामाणिकपणे सांगतो, फक्त त्याला जिथे महत्त्व वाटतं तिथे तो जोर देतो आणि आपण त्याच्यामागे मेंढरासारखे जातो. पॉयरो त्याला काही सांगत नाही कारण याच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं दिसतं, खुनी लगेच सावध होईल. आणि शेवटचा दुवा मिळतो तो हेस्टिंग्जच्याच तोंडून सहज निघालेल्या एका वाक्याने. पॉयरो पत्त्यांचा बंगला रचत बसलेला असतो, ते ऐकून उठून पळतच सुटतो. दोघं सारख्याच डोक्याचे असते तर केस तिथेच अडली असती.

लहानपणी बाबांचे बाबूराव अर्नाळकर खूप वाचले. झुंजार, काळापहाड, काय धमाल. पण तिथे हिरो सुटतो कसा हे बघायचं असतं, इथे आपण फसलो कसे हे.

तक्रारी आहेतच. मृत्युपत्रांचा घोळ तीनदा वाचूनही मला नीट लागला नाही. मधला कोर्टाचा भाग रेंगाळतो. पॉयरो मधेच फ्रेंच झाडतो, ते मी सरळ सोडून दिलं. आणि विषाची युक्ती केमिस्ट्री न येणाऱ्याला सुचणं अशक्य, म्हणजे थोडी चीटिंगच. कल्याणला मेडिकल चालवणाऱ्या मामेभावाला नावं न सांगता फक्त औषधं सांगितली तर तो गिऱ्हाईकाला सुट्टे देता देता म्हणाला, 'हां, मग तसंच होणार ना.' डोक्याला शॉट. पण पुस्तक आलं तेव्हा फार्मसीवाल्यांच्या मासिकानेही विषाची माहिती अचूक आहे म्हणून कौतुक केलं होतं, तेव्हा बाईला बोल लावता येत नाही.

आणि हो, पॉयरोची शेवटची केस याच घरात घडते, ते पुस्तक १९७५ साली आलं, तेही हेस्टिंग्जच सांगतो. ते आणून ठेवलंय, उघडायची हिंमत होत नाहीये.

तिसरं वाचन गेल्या महिन्यात संपलं आणि पुस्तक डब्यातल्या काकूंना दिलं, ज्या जुलैपासून माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. काल ठाण्याला गर्दीतून हाका मारत आल्या, 'अगं, ते पेन्सिलवालं नाव खरं का गं?' मी म्हटलं, 'कुठलं, काकू? तीन आहेत.' तर म्हणे, 'चौथं मी लिहिलंय.'