स्प्रिंकलर असलेल्या इमारतीचं फायर वॉटर: तक्ता की हायड्रॉलिक हिशेब?

टाकी किती लिटरची आणि पंप किती क्षमतेचा, हे ठरवायला दोन वाटा आहेत. पहिली आंतरराष्ट्रीय फायर कोडच्या परिशिष्ट 'बी'ची: बांधकामाचा प्रकार आणि क्षेत्रफळ बघून तक्त्यातून फायर फ्लो (आग विझवायला लागणारा पाण्याचा प्रवाह) घ्यायचा आणि त्यावर स्प्रिंकलरची सवलत लावायची. दुसरी एनएफपीए १३ची (स्प्रिंकलर बसवण्याचं अमेरिकी मानक): स्प्रिंकलरची मागणी हायड्रॉलिक हिशेबाने काढायची, त्यात होजचं (आग विझवायच्या नळीचं) पाणी मिळवायचं आणि कालावधीने गुणायचं. स्वतःच्या टाकी-पंपासाठी मी दुसरी वाट धरली. तक्ता टाकाऊ आहे असं मात्र मला म्हणायचं नाही.

तक्त्याची जमेची बाजू म्हणजे वेग. समजा तक्त्यातून २२,७०० लिटर/मिनिट निघाले. पूर्ण इमारतीत एनएफपीए १३ प्रमाणे स्प्रिंकलर असतील तर त्याचे २५ टक्के धरायचे, म्हणजे सुमारे ५,६८० लिटर/मिनिट. उत्तर ३,७८५च्या खाली मात्र नेता येत नाही. कालावधीत हमखास गफलत होते. मूळ आकड्यासमोर ४ तास लिहिलेले असतात आणि अनेकजण कमी केलेल्या प्रवाहालाही तेच ४ तास लावतात. टाकी साडेतेरा लाख लिटरच्या वर जाते. अलीकडच्या आवृत्त्यांत कालावधी कमी केलेल्या प्रवाहाच्या ओळीतला घ्यायचा आहे. इथे तो २ तास येतो, म्हणजे साधारण ६ लाख ८१ हजार लिटर.

माझं मन तक्त्यावरून उडालं ते दाबामुळे. तक्त्यातला प्रवाह मोजला जातो १.४ बार शिल्लक दाबाला (पाणी वाहत असताना उरलेला दाब), आणि तोही रस्त्यावरच्या मेनमध्ये, म्हणजे मुख्य जलवाहिनीत. अग्निशमन दलाची गाडी तिथून पाणी ओढून पुढे स्वतःच्या पंपाने दाब देते, म्हणून तिला तेवढं पुरतं. आता छताखालच्या सर्वांत लांबच्या स्प्रिंकलरकडे बघा. ऑर्डिनरी हॅझर्ड ग्रुप २ (आगीच्या मध्यम धोक्याचा वर्ग), डेन्सिटी ८.१ मिमी/मिनिट (दर चौ.मी.वर मिनिटाला ८.१ लिटर पाणी), एका स्प्रिंकलरखाली १२.१ चौ.मी. म्हणजे त्या एका स्प्रिंकलरमधून ९८ लिटर/मिनिट पडायला हवेत. के-८० (१ बार दाबाला ८० लिटर/मिनिट टाकणाऱ्या) स्प्रिंकलरला त्यासाठी (९८ ÷ ८०)चा वर्ग, म्हणजे १.५ बार लागतात. मेनमधला सगळा दाब जसाच्या तसा वर पोचला तरी कमीच. त्यात ६ मीटर उंचीचे ०.६ बार, ब्रँच लाइन, क्रॉस मेन, राइझर (हे स्प्रिंकलरपर्यंतचे पाइप) आणि अलार्म व्हॉल्व्हचं घर्षण धरायचंच आहे. फायर फ्लो 'पास' झाला म्हणून पंप गाळला जातो तो इथेच. तक्ता खोटं बोलत नाही. स्प्रिंकलरला किती दाब लागेल, हा त्याचा प्रश्नच नाही.

आत काय ठेवलंय हेही तक्त्याच्या या आकड्याला कळत नाही. त्याच शेडमध्ये धातूचे सुटे भाग असोत की फोमच्या गाद्यांची उंच थप्पी, बांधकाम आणि क्षेत्रफळ तेच तर उत्तरही तेच.

हायड्रॉलिक हिशेबात तीच जागा अशी दिसते: ८.१ गुणिले १३९ चौ.मी. (डिझाइन एरिया: जेवढ्या जागेतले स्प्रिंकलर एकाच वेळी चालू धरायचे ते क्षेत्र), म्हणजे १,१२६ लिटर/मिनिट. हा आकडा टाकीला लावू नका. पंपाच्या बाजूच्या स्प्रिंकलरना दाब जास्त मिळतो, ते जास्त पाणी टाकतात, त्यामुळे प्रत्यक्ष हिशेब १,३००च्या आसपास जातो. त्यात होजचे ९५० मिळवा: २,२५०. ६० मिनिटांना १ लाख ३५ हजार लिटर, ९० मिनिटांना २ लाख २ हजार ५००. पाणी वाहू लागल्याचा अलार्म आणि व्हॉल्व्हवरची देखरेख सतत माणूस असलेल्या ठिकाणी जात असेल, तरच ६० मिनिटं धरता येतात. ती जोडणी होणार आहे हे आधी पक्कं करा, मग टाकी ठरवा.

ही पद्धत चुकते ती हॅझर्ड वर्ग सौम्य धरल्यामुळे, नाहीतर डिझाइन एरियात हात आखडल्यामुळे. ड्राय पाइप (एरवी पाण्याऐवजी दाबाखालची हवा भरलेले पाइप) असेल तर एरिया ३० टक्क्यांनी वाढवून १८१ चौ.मी. करायचा. वेट सिस्टिम (पाइपात कायम पाणी), क्विक रिस्पॉन्स (लवकर उघडणारे) स्प्रिंकलर आणि ३ मीटर छत असेल तर ४० टक्के सवलत मिळते, पण ती एरियाला. डेन्सिटी आणि होजच्या ९५० लिटरना हात लावायचा नाही. शिवाय मोठा पंप बसवला की स्प्रिंकलर हिशेबापेक्षा जास्त पाणी टाकतात आणि टाकी ६० मिनिटांच्या आधी संपते. पंपाचा वक्र (किती प्रवाहाला किती दाब मिळतो तो आलेख) मागणीच्या वक्राला कुठे छेदतो ते बघून टाकी तपासा.

तक्ता मी कुठे वापरतो? इमारतीबाहेरचे हायड्रंट आणि सार्वजनिक मेन यांच्यासाठी. तिथे स्थानिक प्राधिकरण तोच आकडा मागतं आणि ते रास्त आहे. गाडीला पाणी त्यातूनच घ्यायचं असतं. तक्त्याचा फ्लो आणि स्प्रिंकलरची मागणी यांची बेरीज करायची की मोठा आकडा धरायचा, हे मात्र प्राधिकरणाकडून लेखी घ्या. भाडेकरू ठरला नसेल तेव्हा तक्त्याचा मोह होतो. तरीही, मला विचाराल तर, येऊ शकेल असा सर्वांत वाईट हॅझर्ड धरून हायड्रॉलिक हिशेबच करावा.

टाकीची उंची तळापासून नव्हे, सक्शनच्या व्होर्टेक्स प्लेटच्या (पंप पाणी ओढतो त्या तोंडावरची, भोवरा टाळणारी पट्टी) वर मोजा. १० बाय ६ मीटरच्या टाकीत खालचे ३० सेंटिमीटर पाणी पंपाला ओढता आलं नाही, तर १८,००० लिटर गेले. २,२५० लिटर/मिनिटाने ती ८ मिनिटं होतात.