अकापेला की कॉयर?

अमेरिकेतल्या विद्यापीठांत सत्र सुरू होताच अकापेला गट आणि कॉयर म्हणजे समूहगानाचा वृंद, अशा दोन्हींच्या ऑडिशन्स लागतात. कॉयर बहुधा संगीत विभागाचा असतो आणि प्राध्यापक तो बसवतात. ऑडिशनला कधीही न पाहिलेलं स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी, समोर ठेवून गायला लावतात. पेटीवर सरगम शिकलेल्यांची पंचाईत इथेच होते, म्हणून ते वाचायला घरूनच शिकून जा.

अकापेला गट विद्यार्थीच चालवतात, वाद्यं नसतात. आधी पट्टी चढवत आवाज कुठवर जातो ते बघतात, मग चार-पाच स्वर वाजवून तसेच म्हणायला सांगतात. पलटे घोटलेल्या गळ्याला हे सोपं. खरी परीक्षा पुढच्या फेरीत, गटासोबत गाताना. मला सांगितलं गेलं, "एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरू नकोस." माझी मींड, वर्षानुवर्षं कमावलेली! पण बाकीच्यांच्या सरळ स्वरांत ती खरंच वेगळी पडत होती.

पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात १९९६ साली सुरू झालेल्या पेन मसालासारख्या दक्षिण आशियाई गटांत हिंदी गाणीही होतात, तिथे असा गळा जास्त रुळतो. तुमच्या विद्यापीठात तसा गट असेल तर मी आधी तिथेच नाव देईन. नसेल तर कॉयर. निदान नोटेशन तरी पक्कं होतं.