क्राइस्ट्स हॉस्पिटल, हॉर्शम: एका गणिताच्या शिक्षिकेने पाहिलेली शाळा

मी इंग्लंडमधल्या क्रॉलीतल्या एका सरकारी शाळेत चौदा वर्षं गणित शिकवतेय. दरवर्षी कुणी ना कुणी पालक मला हळूच बाजूला घेऊन विचारतात, "मॅडम, ती निळे कोट घालणाऱ्या मुलांची शाळा कशी आहे?" इतकी वर्षं मी ऐकीव माहितीवर उत्तर देत होते. या मे महिन्यात माझी मुलगी दहा वर्षांची झाली, घरात पुढच्या शाळेचा विषय निघाला आणि एका शनिवारी आम्ही दोघी शाळा बघायलाच गेलो.

क्रॉलीहून गाडी हॉर्शमला थांबते आणि त्यापुढचंच स्टेशन क्राइस्ट्स हॉस्पिटल. शाळेच्या नावाचं स्टेशन! १९०२ साली शाळा लंडनहून इथे आली तेव्हाच ते सुरू झालं. आजूबाजूला वस्ती वाढेल, गर्दी होईल या हिशोबाने रेल्वेने ते चांगलं ऐसपैस बांधलं होतं. पण निवासी शाळेची मुलं रोज थोडीच ये-जा करणार? अपेक्षेएवढी गर्दी काही झाली नाही आणि १९७२ साली बराचसा भाग पाडून टाकला. तिथून शाळा चालत गाठता येते. वाटेत शेतं आहेत, झाडं आहेत. लेक उड्या मारत पुढे गेली होती, ती धावत परत आली. "आई, खरंच पिवळे मोजे घातलेत गं त्यांनी!"

घोट्यापर्यंत लोळणारा निळा कोट, कमरेला चामडी पट्टा, गळ्याशी पांढऱ्या कापडाच्या दोन पट्ट्या, गुडघ्यापर्यंतची विजार आणि खाली गडद पिवळे मोजे. ट्यूडर काळातला हा वेश फारसा न बदलता आजही रोजच्या वर्गात घालतात. पिवळ्या रंगामुळे उंदीर-घुशी जवळ येत नाहीत अशी जुनी समजूत सांगतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते हे, की हा गणवेश शाळा प्रत्येक मुलाला फुकट देते. साडेचारशे वर्षांपूर्वी निळा हा स्वस्त रंग होता. नोकरांच्या, शिकाऊ कामगारांच्या, धर्मादायावर जगणाऱ्या मुलांच्या अंगावर तो असायचा. म्हणजे हा कोट गरिबीची खूण होता. आज तोच कोट घालून मुलं ताठ मानेने चालतात आणि त्यातल्या कुणाचे आईवडील पूर्ण फी भरतात, कुणाचे एक पौंडही भरत नाहीत, हे बघणाऱ्याला ओळखता येत नाही. माझ्या वर्गात बुटांवरून आणि दप्तरावरून मुलांची पारख होते, ते मी रोज पाहते. म्हणून त्या कोटापाशी मी बराच वेळ थांबले.

नावातल्या 'हॉस्पिटल'मुळे सगळ्यांचाच घोटाळा होतो. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ आसरा, आश्रय. आठव्या हेन्रीने मठ बंद केले तेव्हा लंडनच्या न्यूगेट भागातला फ्रान्सिस्कन साधूंचा मठ रिकामा पडला. शहरात अनाथ, भुकेली मुलं रस्तोरस्ती फिरत होती. बिशप रिडली यांनी हेन्रीचा मुलगा सहावा एडवर्ड याच्यापुढे प्रवचन करून गरिबांचा प्रश्न मांडला. राजाने लंडनच्या महापौरांना पत्र लिहिलं, शहरातल्या लोकांनी पैसे जमवले आणि १५५२ साली त्या मठात मुलांना आसरा मिळाला. मुलीही पहिल्यापासून होत्या, हे आवर्जून सांगते. जून १५५३ मध्ये एडवर्डने सनदेवर सही केली आणि पुढच्या काही दिवसांतच तो गेला. पंधरा वर्षांचा मुलगा! माझ्या दहावीच्या वर्गात त्या वयाची तीस मुलं समोर बसतात. कोटाच्या बटणांवर अजून त्याचाच चेहरा असतो.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येते. १६७३ साली दुसऱ्या चार्ल्सने याच शाळेत रॉयल मॅथेमॅटिकल स्कूल काढलं. आरमाराला नौकानयन जाणणारे अधिकारी हवे होते आणि समुद्रावर दिशा ठरवायची तर त्रिकोणमिती आणि खगोल आलाच पाहिजे. रोजनिशीमुळे प्रसिद्ध असलेले सॅम्युएल पीप्स या कामात पुढे होते. चाळीस मुलांची ही तुकडी, खांद्यावर वेगळा बिल्ला लावणारी. गरीब घरातल्या मुलांना त्या काळातलं सगळ्यात वरचं गणित शिकवायचं, ही कल्पनाच मला विलक्षण वाटते. त्या वेळच्या श्रीमंतांच्या शाळा लॅटिन-ग्रीकच्या पलीकडे फारसं जात नव्हत्या.

१६९४ साली या तुकडीच्या अभ्यासक्रमावर मत मागितलं गेलं ते चक्क आयझॅक न्यूटन यांच्याकडे. त्यांनी सविस्तर पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की नुसतं दाखवलेलं करणारा कारागीर चूक झाली की अडतो, कारण चूक कुठे झाली हे त्याला शोधता येत नाही. ज्याला तर्काने विचार करता येतो तो मात्र वाट काढेपर्यंत थांबत नाही. चौदा वर्षं मी वर्गात हेच सांगतेय, सूत्र पाठ करू नका, ते कुठून आलं ते बघा. पुढे या तुकडीतून शिकलेली दोन मुलं थेट रशियात गेली. पीटर द ग्रेटने १७०१ साली मॉस्कोत गणिताची आणि नौकानयनाची शाळा काढली, तिथे ती शिक्षक झाली. आणि कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर खगोलनिरीक्षक म्हणून गेलेले विल्यम वेल्स परत आल्यावर या शाळेत गणित शिकवायला आले. दक्षिण ध्रुवाच्या बर्फापर्यंत जाऊन आलेला माणूस वर्गात अक्षांश-रेखांश शिकवतोय! त्या काळातल्या विद्यार्थ्यांमध्ये कोलरिज हा कवी होता.

जेवणाच्या हॉलमध्ये अंतोनिओ व्हेरिओचं एक अवाढव्य चित्र आहे, सुमारे २६ मीटर लांब. या गणिताच्या मुलांना राजा दर्शन देतोय असा प्रसंग त्यात आहे. काम सुरू झालं तेव्हा चार्ल्स गादीवर होता. १६८५ साली तो वारला, मग सिंहासनावर दुसरा जेम्स बसलेला दाखवला. चित्रात नकाशे आणि पृथ्वीचा गोल हातात घेतलेली मुलं आहेत. लेक म्हणाली, "यांना जेवताना रोज राजा बघतो?" हो, रोज बघतो. चॅपलमध्ये फ्रँक ब्रँग्विनची सोळा भित्तिचित्रं आहेत, त्यांनाही वेळ द्या. इमारती सर ॲस्टन वेब आणि इंग्रेस बेल यांच्या आराखड्याप्रमाणे लाल विटांच्या आहेत. त्यांच्याबद्दल मला फार सांगायचं नाही, कारण दुपारी बँड सुरू झाला आणि इमारतींकडे लक्षच राहिलं नाही.

मधल्या चौकात ड्रमचा ठोका पडला आणि एकेका हाऊसची, म्हणजे वसतिगृहाची, मुलं रांगेने, पाऊल मिळवत जेवायला निघाली. अकरा वर्षांची, पट्ट्याचं टोक सावरणारी चिमुरडी पुढे आणि उंच, शांत मोठी मुलं मागे. शेवटच्या वर्षातल्यांना इथे 'ग्रेशियन' म्हणतात. शिस्तीचा बडेजाव मला एरवी रुचत नाही. पण एक ट्रॉम्बोनवाली मुलगी अगदी मन लावून वाजवत होती, तिच्याकडे बघताना माझे डोळे भरून आले. वाद्य शिकायला घरून पैसे लागतात म्हणून ते सोडून देणारी कितीतरी मुलं मी पाहिली आहेत.

आता काळी बाजू. निबंधकार चार्ल्स लॅमही इथलाच विद्यार्थी. पहिल्यांदा पळून गेलेल्या मुलाला बेड्या घालत आणि दुसऱ्यांदा पळाला तर पेंढा टाकलेल्या अंधाऱ्या कोठडीत ठेवत, हे त्याने लिहून ठेवलंय. कोलरिजने भूक आणि छडी दोन्ही भोगली. तरी ज्या मास्तरांचा मार खाल्ला त्या बॉयर यांच्याकडूनच, कवितेलाही शास्त्राइतकंच कठोर तर्कशास्त्र असतं हे आपण शिकलो असं तो पुढे कृतज्ञतेने सांगतो. त्याचं ते वाक्य मला फार आवडतं. त्याने छडी मात्र क्षम्य ठरत नाही.

आणि हे सगळं अठराव्या शतकातच संपलं असं समजू नका. अलीकडच्या वर्षांत इथल्या काही माजी शिक्षकांना, पूर्वी विद्यार्थ्यांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल न्यायालयाने दोषी ठरवून तुरुंगात पाठवलंय. इंग्लंडमधल्या इतरही निवासी शाळांतून असे खटले झाले आहेत. शाळेच्या लौकिकाबद्दल लिहायचं आणि हे गाळायचं, तर मी ते माझ्या विद्यार्थ्यांच्या आयांना कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून मी तिथे थेट विचारलं. रात्री हाऊसमध्ये कोणते मोठे लोक असतात, मुलाला तक्रार करायची तर हाऊसच्या बाहेरचा माणूस कोण, घरी फोन कधी करता येतो. मला सरळ उत्तरं मिळाली, कुणी कपाळाला आठी घातली नाही. तुम्ही कोणतीही निवासी शाळा बघायला जाल तेव्हा हेच आधी विचारा. संगीताचं आणि मैदानाचं नंतर.

पैशांचं बोलू. निवासी मुलाची पूर्ण फी वर्षाला ४० हजार पौंडांच्या पुढे जाते आणि १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागू झालाय. पण इथे फी ठरते ती घरच्या उत्पन्नावर. कागदपत्रं तपासून शाळा आकडा सांगते आणि तो शून्यही असू शकतो. बहुतेक मुलांना काही ना काही सवलत असते. जुन्या देणग्या आणि जमीनजुमला यांच्या उत्पन्नातून हा खर्च निघतो. शाळा सोडताना प्रत्येकाला बायबल देतात आणि एक जुना मजकूर वाचून दाखवतात. इथे जे मिळालं ते विसरू नका आणि पुढे ऐपतीप्रमाणे ते इतरांनाही मिळेल असं बघा, असं त्यात बजावलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धात उसळत्या बॉम्बने जर्मनीतली धरणं फोडण्याची युक्ती काढणारे बार्न्स वॉलिस इथले विद्यार्थी होते. या शाळेला त्यांनी पुढे भरभरून परत दिलं.

परतीच्या गाडीत लेकीने विचारलं, "मग मी येऊ का इथे?" मी आणि नवरा दोघंही कमावतो. सवलतीच्या हिशोबात आम्ही अधेमधे बसतो, जड जाईल पण अशक्य नाही. तरी मी नाही म्हणाले. अकराव्या वर्षी तिला घराबाहेर ठेवायला माझं मन तयार नाही, आणि तिला घरी स्वतःची खोली आहे, टेबल आहे, अडलेलं गणित समजावायला आई आहे. ती थोडी हिरमुसली. ट्रॉम्बोन मात्र शिकायचाय म्हणाली, ते कबूल केलं.

माझ्या डोळ्यांपुढे सबंध वेळ दुसरीच मुलगी होती. माझ्या इयर टेनच्या वर्गात आहे. आई गॅटविक विमानतळावर रात्रपाळीत साफसफाई करते, एका खोलीत तिघं राहतात, ही पोर जिन्यात बसून अभ्यास करते. मागच्या टर्ममध्ये मी फळ्यावर चूक केली तर हात वर करून म्हणाली, "मिस, तिसऱ्या ओळीत चिन्ह बदललंय." न्यूटनने सांगितलेली चूक शोधणारी ती हीच. सिक्स्थ फॉर्म (शाळेची शेवटची दोन वर्षं) सुरू होताना, म्हणजे इयर ट्वेल्व्हलाही, इथे प्रवेश मिळतो. तिथे तिला टेबल मिळेल, दिवा मिळेल, रात्री झोप मिळेल.

ज्यांच्या घरी सगळं आहे, त्यांनी पूर्ण फी भरून इथे मूल घालावं का, याचं उत्तर मी देणार नाही. त्यांच्यासाठी इतर शाळाही आहेत. पण मूल हुशार आहे आणि घरात अडचण आहे, अशा आईवडिलांना मी सांगेन की नावाला आणि कोटाला बिचकू नका, अर्ज करा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे. अर्धा राखून ठेवलाय तो त्या जुन्या विद्यार्थ्यांसाठी, ज्यांचं म्हणणं वेळेवर कुणी ऐकलं नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर त्या मुलीच्या आईला बोलावलं. ती पाळीवर जाण्याआधी गणवेशातच आली. मी मोबाइलवर काढलेले फोटो दाखवले. पिवळे मोजे बघून ती हसली, मग विचारलं, "कपड्यांचे किती?" काही नाही, म्हटलं. तिने फोटो पुन्हा मोठा करून बघितला. उत्पन्नाचे कागद कोणते लागतील ते मी तिला एका चिठ्ठीवर लिहून दिलंय.